मंडळाच्या तंबोल्याचं सिटी परमिट: ते का नाकारतात, कधी रद्द करतात आणि तेव्हा काय करायचं

कॅलिफोर्नियातल्या मराठी मंडळाच्या कार्यकारिणीवर नव्याने आलेल्या माणसाला हॉल, जेवण आणि हिशोब या तिन्हींची काळजी असते. परमिटची नसते. तंबोला तर आपण लहानपणापासून गणपतीत, कोजागिरीला, लग्नघरात खेळत आलो. पण पाच डॉलरचं तिकीट लावलं, बक्षीस ठेवलं आणि उरलेले पैसे एखाद्या शाळेला द्यायचे ठरवले, की इथल्या कायद्याच्या नजरेत तोच तंबोला बिंगो होतो आणि बिंगोला सिटीची परवानगी लागते.

परमिट कसं मिळवायचं हे सिटीच्या वेबसाइटवर लिहिलेलं असतं. ते नाकारलं किंवा रद्द झालं तर काय करायचं, हे मात्र कुणी नीट सांगत नाही, आणि पत्र हातात पडतं तेव्हा शोधायला वेळ नसतो. म्हणून हा लेख. माझ्या पाहण्यात बहुतेक मंडळांचं परमिट लबाडीमुळे जात नाही. ते जातं न भरलेल्या एखाद्या फॉर्ममुळे, चुकीच्या खात्यात जमा झालेल्या रोकडीमुळे किंवा मुदतीत न दिलेल्या उत्तरामुळे. या तिन्ही गोष्टी टाळता येतात.

पहिली पायरी: हा खेळ कुठल्या खात्यात बसतो ते ठरवा

पैसे देऊन भाग घेणं, नशिबावर निकाल आणि बक्षीस, या तीन गोष्टी एकत्र आल्या की जुगाराचा कायदा लागू होतो. यातली एक काढून टाकली की प्रश्न मिटतो. दारातून आत येणाऱ्या प्रत्येकाला तंबोल्याचं तिकीट फुकट दिलं आणि त्यासाठी कुणाकडूनही काहीच घेतलं नाही, तर परमिटची गरज नाही. पण "कार्यक्रमाच्या वीस डॉलरच्या तिकिटात तंबोला फ्री" ही पळवाट समजू नका. वीस डॉलर न देणाऱ्याला खेळताच येत नसेल, तर ते पैसे खेळाचेही होते असा अर्थ काढला जाऊ शकतो.

पैसे घेऊन खेळायचंच असेल तर तीन वेगळे रस्ते आहेत, आणि नवी कार्यकारिणी हमखास त्यांची सरमिसळ करते.

बिंगो सिटी किंवा काउंटीच्या, म्हणजे इथल्या जिल्ह्याच्या, अखत्यारीत येतो. कॅलिफोर्नियाच्या राज्यघटनेच्या चौथ्या अनुच्छेदातलं १९ वं कलम लॉटऱ्यांना मनाई करतं. त्यात १९७६ साली दुरुस्ती झाली आणि शहरांना व काउंटींना फक्त धर्मादाय कामासाठी बिंगोची परवानगी देण्याची मुभा मिळाली. त्याचे नियम दंडसंहितेच्या कलम ३२६.५ मध्ये आहेत. शहराचा अध्यादेश त्या कलमापेक्षा कडक असू शकतो, सैल असू शकत नाही.

रॅफल म्हणजे सोडत. तिची नोंदणी सिटीकडे नसून राज्याच्या ॲटर्नी जनरलच्या धर्मादाय नोंदणी कार्यालयात होते. आपल्याकडच्या धर्मादाय आयुक्तांसारखंच हे कार्यालय आहे असं समजा. सोडतीच्या किमान ६० दिवस आधी नोंदणी हवी, संस्था राज्यात किमान एक वर्ष कार्यरत हवी, तिकिटं इंटरनेटवर विकता येत नाहीत आणि जमलेल्या एकूण रकमेतले ९० टक्के धर्मादाय कामालाच गेले पाहिजेत. म्हणूनच "अर्धे विजेत्याला, अर्धे मंडळाला" ही लोकप्रिय सोडत आपल्यासारख्या संस्थांना चालत नाही. मोठ्या व्यावसायिक क्रीडा संघांच्या धर्मादाय संस्थांना वेगळी सवलत आहे, तिच्याकडे बोट दाखवून उपयोग नाही.

तिसरा रस्ता पत्त्यांचा. दिवाळीच्या सुमारास "कसिनो नाइट"ची टूम निघतेच. पोकरसारख्या खेळांचा निधी-कार्यक्रम राज्याच्या ब्यूरो ऑफ गॅम्बलिंग कंट्रोलकडे नोंदवून करता येतो. वर्षातून एकदा, सलग पाच तासांपर्यंत, २१ वर्षांवरील लोकांसाठी, रोख बक्षिसाशिवाय. आणि संस्था किमान तीन वर्षं जुनी हवी. रुलेट आणि एकवीस हे खेळ दंडसंहितेच्या कलम ३३० मध्ये नाव घेऊन बंद केलेले आहेत. चांगल्या कामासाठी खेळलो म्हणून ते कायदेशीर होत नाहीत. तीन पत्तीचा बेत असेल तर हॉल ठरवण्याआधी ब्यूरोला लेखी विचारा.

यापुढे मी बिंगोबद्दलच बोलणार आहे, कारण सिटीचं परमिट नाकारलं किंवा रद्द केलं जातं ते बिंगोचं.

दुसरी पायरी: हॉल कुणाच्या हद्दीत आहे

मंडळाचा पत्ता सनीव्हेलचा, हॉल मिल्पिटासचा, कार्यकारिणी अर्धी फ्रीमाँटची, असं आपलं नेहमीचं चित्र. परमिट लागतं ते जिथे खेळ होणार त्या शहराचं. हॉल कुठल्याच शहराच्या हद्दीत नसेल तर काउंटीचं. शहराने बिंगोचा अध्यादेशच केलेला नसेल तर तिथे पैसे घेऊन बिंगो खेळताच येत नाही, आणि अर्ज नाकारण्याशिवाय त्या अधिकाऱ्याच्या हातात दुसरं काहीच नसतं. त्यामुळे हॉलचं डिपॉझिट भरण्याआधी सिटी क्लार्कला एक ईमेल टाका: बिंगोचा अध्यादेश आहे का, अर्ज कुठल्या विभागाकडे जातो, किती दिवस आधी द्यायचा. काही शहरांत तो पोलीस खात्याकडे असतो, काही ठिकाणी वित्त विभागाकडे.

मग तो अध्यादेश मुळापासून वाचा. पाच-सात पानांचा मजकूर असतो. परमिट नाकारण्याची कारणं, रद्द करण्याची पद्धत, अपिलाची मुदत, सगळं त्यातच असतं. कार्यकारिणीतल्या दोघांनी तरी वाचावा. एकटा खजिनदार वाचणार आणि बाकीचे त्याच्यावर विसंबणार हे धोक्याचं आहे.

तिसरी पायरी: अर्जाआधी आपलं दप्तर तपासा

अर्ज नाकारण्याचं सगळ्यात साधं कारण म्हणजे संस्था पात्रच नाही. कलम ३२६.५ मुख्यतः काही प्रकारच्या करमुक्त संस्थांना परवानगी देतं, आणि सिटी त्याचा पुरावा मागते: राज्याच्या करखात्याचं, म्हणजे फ्रँचाइझ टॅक्स बोर्डाचं, करमुक्तीचं पत्र. पुष्कळ मंडळांकडे आयआरएसचं, म्हणजे केंद्राच्या करखात्याचं, पत्र जपून ठेवलेलं असतं आणि राज्याचं कधी घेतलेलंच नसतं. ही दोन वेगळी पत्रं आहेत.

पत्र असलं तरी ते आजही लागू आहे का, हे बघावं लागतं. लागोपाठ तीन वर्षं ९९० चा वार्षिक विवरणाचा फॉर्म भरला नाही तर आयआरएसची करमुक्ती आपोआप रद्द होते. लहान मंडळांना भरावा लागणारा ९९०-एन तर पोस्टकार्डाएवढा फॉर्म आहे, पण कार्यकारिणी बदलली की तो विसरला जातो. राज्यात संस्थांची नोंदणी करणाऱ्या सेक्रेटरी ऑफ स्टेटच्या कार्यालयाकडे दर दोन वर्षांनी माहितीपत्र भरायचं असतं. ॲटर्नी जनरलच्या नोंदणीत संस्थेचा दर्जा "करंट" हवा. तिथे "डेलिंक्वंट", म्हणजे कागदपत्रं थकलेली, असं दिसत असेल तर संस्थेने निधी गोळा करणंच नियमात बसत नाही, मग बिंगोची गोष्ट दूर. या सगळ्या नोंदी ऑनलाइन उघड आहेत. सिटीचा अधिकारी त्या बघणार, तुम्ही त्याच्या आधी बघा.

अर्जावर सहसा दोन पदाधिकाऱ्यांच्या सह्या लागतात, त्यात अध्यक्षांची असतेच, आणि त्या शपथेवर असतात. चुकीची माहिती हे नाकारण्याचं वेगळं कारण आहे आणि परमिट मिळाल्यावर उघडकीला आली तर रद्द करण्याचंही. मागच्या वर्षी दुसऱ्या गावात परमिट निलंबित झालं होतं का, असा प्रश्न असेल तर खरं उत्तर लिहा आणि पुढे काय दुरुस्ती केली तेही लिहा. अशी कबुली असलेले अर्ज मंजूर होतात. लपवलेली गोष्ट सापडली की विश्वास जातो.

जागेची अट नव्या लोकांना सगळ्यात जास्त चकवते. खेळ संस्थेच्या मालकीच्या, भाड्याच्या किंवा कुणी वापरायला दिलेल्या जागेतच व्हायला हवा, आणि ती जागा संस्था आपल्या कार्यालयासाठी किंवा मूळ कामासाठी वापरत असली पाहिजे. एका संध्याकाळीपुरता हॉटेलचा बँक्वेट हॉल घेतला तर अर्ज इथेच अडकू शकतो. याचं चांगलं उत्तर पुष्कळ मंडळांच्या हाताशी आहे. ज्या शाळेच्या किंवा कम्युनिटी सेंटरच्या जागेत दर आठवड्याला आपली मराठी शाळा भरते, ती जागा संस्थेच्या मूळ कामासाठीच वापरली जाते. जागा फक्त तुमचीच असावी अशी कायद्याची अट नाही. अर्जासोबत मराठी शाळेचा भाडेकरार आणि वेळापत्रक जोडा, आणि त्या करारात बिंगो चालतो का हे जागेच्या मालकाकडून लेखी घ्या.

अर्जाची फी वर्षाला ५० डॉलरपेक्षा जास्त घेता येत नाही. अर्ज नाकारला तर भरलेल्या फीपैकी निम्मी परत मिळते, हे कायद्यातच आहे. रक्कम छोटी आहे, पण ती मागताना नकाराचं पत्रही लेखी मागा. ते पुढे लागणार आहे.

चौथी पायरी: खेळाच्या रात्री परमिट कशाने जातं

इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण रद्द होण्याची बहुतेक कारणं एका संध्याकाळच्या चार तासांत तयार होतात, आणि त्यातली बरीचशी आपल्या चांगल्या सवयींतून येतात.

मुलं. आपल्याकडे तंबोला म्हणजे आजी-आजोबा आणि नातवंडांचा खेळ. परमिटच्या बिंगोत १८ वर्षांखालच्या कुणालाही भाग घेता येत नाही. आईच्या मांडीवर बसून आठ वर्षांची मुलगी आकडे खोडत असेल तरी तपासनिसाच्या वहीत ती नोंद होते. मुलांसाठी बाजूच्या खोलीत फुकट तंबोला ठेवा, वेगळ्या रंगाची तिकिटं आणि वेगळी बक्षिसं. दारावर वयाची पाटी लावा आणि तिथे असा माणूस बसवा जो मित्राच्या मुलालाही "नाही रे बाळा" म्हणू शकेल.

फोन. हल्ली व्हॉट्सॲपवर तिकीट पाठवून ॲपवर तंबोला खेळतात. कायद्यात बिंगो म्हणजे खेळाडूच्या हातातलं प्रत्यक्ष कार्ड आणि समोर आकडे पुकारणारा जिवंत माणूस. निघालेला आकडा मोठ्या पडद्यावर दाखवायला हरकत नाही, पण खेळाडूचं कार्ड मात्र फोनवर चालत नाही. धर्मादाय बिंगोतल्या इलेक्ट्रॉनिक यंत्रांवरून या राज्यात मोठा वाद झाला होता आणि २००८ च्या कायद्याने ती यंत्रं बंद केली, त्यामुळे तपासणारे या बाबतीत फार सावध असतात. पुण्याला बसलेल्या काकांना झूमवरून खेळवणंही नाही. खेळाडू त्या जागी, त्या वेळी हजर हवा.

बक्षीस. एका गेमची सगळी बक्षिसं मिळून ५०० डॉलरच्या वर जाता कामा नये, रोख आणि वस्तू दोन्ही धरून. अर्ली फाइव्ह, वरची ओळ, चार कोपरे आणि फुल हाउस ही एकाच गेमची बक्षिसं आहेत असं धरून चला. सराफाने देणगी म्हणून दिलेलं २५० डॉलरचं नाणं आणि ३०० डॉलरची पैठणी एकाच गेमला लावलीत तर तुम्ही मर्यादा ओलांडली. वस्तू फुकट मिळाली म्हणून तिची किंमत शून्य होत नाही.

माणसं. खेळ चालवणारे सगळे संस्थेचे सभासद हवेत आणि त्यातल्या कुणालाही एक पैसा मिळता कामा नये. सूत्रसंचालनासाठी नेहमीचा हौशी निवेदक बोलावला, तो मंडळाचा सभासद नाही आणि त्याला शंभर डॉलरचं पाकीट दिलं, तर इथे दोन उल्लंघनं झाली. त्यातलं दुसरं गंभीर आहे: बिंगोतून मोबदला देणं किंवा घेणं हा गुन्हा आहे आणि त्याला १०,००० डॉलरपर्यंत दंड आहे. सुरक्षा रक्षकाला मात्र पैसे देता येतात. सभासदत्वाची यादी त्या संध्याकाळी टेबलावर ठेवा.

खेळ सभासदांपुरता ठेवणंही चालत नाही. तो सर्वांना खुला हवा. "फक्त मंडळाच्या सभासदांसाठी" असं पोस्टरवर छापलंत तर उल्लंघनाचा पुरावा तुम्हीच छापून दिलात.

आता रोकड. समजा एका टेबलावर वडापावची कुपनं विकली जातायत, शेजारच्या टेबलावर तंबोल्याची तिकिटं. दहा वाजता हॉल रिकामा करायची घाई. खजिनदार दोन्ही डबे एकाच कापडी पिशवीत ओततो, घरी जाऊन मोजतो आणि सोमवारी मंडळाच्या चालू खात्यात भरतो. एक पैसाही कुणी खाल्लेला नाही. तरीही परमिट जायला हे पुरेसं आहे, कारण बिंगोचा पैसा वेगळ्या खात्यात, दुसऱ्या कुठल्याही पैशात न मिसळता ठेवायचा असतो. बिंगोचं बँक खातं आधीच उघडा. टेबलावर वेगळी कुलपाची पेटी ठेवा. खेळ संपल्यावर हॉलमध्येच दोघांनी मोजा आणि एका कागदावर लिहा: तारीख, पहिल्या विकलेल्या तिकिटाचा क्रमांक ४०१, शेवटचा ६१२, म्हणजे २१२ तिकिटं, पाच डॉलरप्रमाणे १,०६० डॉलर, पेटीत मोजलेली रक्कम, प्रत्येक गेमचं बक्षीस, त्याची किंमत, विजेत्याचं नाव आणि सही, खाली मोजणाऱ्या दोघांच्या सह्या. फरक पडला तर खाडाखोड न करता फरक तसाच लिहा. तिकिटांवर क्रमांक नसतील तर हे काहीच सिद्ध करता येत नाही, म्हणून क्रमांक छापलेलीच तिकिटं घ्या. झेल (Zelle) या पैसे पाठवण्याच्या सेवेवरून पैसे आले तर तेही बिंगोच्याच खात्यात यायला हवेत, कार्यकारिणीतल्या कुणाच्या खासगी खात्यात नाही.

बिंगोच्या खात्यातून बाहेर जाणारा पैसाही तितकाच तपासला जातो. मंडळ कुठल्या कलमाखाली करमुक्त आहे त्यावर खर्चाचे नियम बदलतात. सामाजिक क्लब म्हणून नोंदलेल्या संस्थेला जागेचं भाडं आणि इतर खर्चासाठी महिन्याला जमेच्या २० टक्के किंवा २,००० डॉलर यांपैकी जी रक्कम कमी असेल तेवढीच वापरता येते. तुमच्या सीपीएला, म्हणजे इथल्या सनदी लेखापालाला, हा प्रश्न नेमका विचारा.

पाचवी पायरी: पत्र आलं

पत्र दोन प्रकारचं असतं आणि दोन्हींत फरक आहे. अर्ज नाकारल्याचं पत्र आलं, तर तुमच्या हातात अजून काही नव्हतं. तुम्ही पात्र आहात हे सहसा तुम्हालाच दाखवायचं असतं. दिलेलं परमिट काढून घेण्याचं पत्र आलं, तर कारण सिद्ध करण्याचा भार सहसा सिटीवर असतो, आणि पुढे कोर्टात गेलात तर न्यायाधीशही अशा निर्णयाकडे जास्त बारकाईने बघतात.

अनेक शहरांच्या अध्यादेशांत पोलीस प्रमुखाला परमिट तिथल्या तिथे निलंबित करण्याचा अधिकार असतो. मग खेळ ताबडतोब थांबवावा लागतो. "हा शेवटचा गेम होऊ द्या" असं म्हणू नका. निलंबनानंतर खेळ चालू ठेवणं हा वेगळा गुन्हा ठरतो. न खेळलेल्या गेमच्या तिकिटांचे पैसे क्रमांक लिहून परत करा.

त्यानंतरचे दिवस मोजके असतात. सुनावणी मागायला पाच दिवस, अपिलाला दहा दिवस, अशा मुदती पुष्कळ ठिकाणी दिसतात. तुमच्या शहरातला आकडा पत्रावर आणि अध्यादेशात बघा. कामाचे दिवस की सगळे दिवस, पत्रावरच्या तारखेपासून की मिळाल्यापासून, हेही बघा. मुदतीत लेखी मागणी आली नाही तर पुष्कळ ठिकाणी निलंबनाचं रूपांतर आपोआप रद्द होण्यात होतं. इथे मंडळं हरतात. पत्र जातं मागच्या चिटणिसाच्या घरी, कारण अर्जावर त्यांचा पत्ता होता. ते सहा आठवडे भारतात. परत येऊन लिफाफा उघडतात तोवर सगळं संपलेलं असतं. मंडळाची पोस्ट बॉक्स आणि सामाईक ईमेल घ्या, आणि कार्यकारिणी बदलली की त्याच आठवड्यात सिटीला कळवा.

सुनावणीची मागणी एका पानात मावते. संस्थेचं नाव, परमिटचा क्रमांक, पत्राची तारीख, आम्ही सुनावणी मागतो हे स्पष्ट वाक्य, कुठली कारणं मान्य नाहीत त्यांचा थोडक्यात उल्लेख, पदाधिकाऱ्याची सही. स्पष्टीकरण लांबवू नका, रागही लिहू नका. ईमेल करा आणि एक प्रत सिटी क्लार्कच्या काउंटरवर हाताने द्या, आपल्या प्रतीवर तारखेचा शिक्का घ्या. तो शिक्का फाईलमध्ये सगळ्यात वर ठेवा.

त्याच दिवशी दुसरं पत्र द्या: या प्रकरणातली सगळी कागदपत्रं, तपासणीचा अहवाल, तक्रार, फोटो, अंतर्गत पत्रव्यवहार आम्हाला मिळावा. राज्याच्या पब्लिक रेकॉर्ड्स ॲक्टखाली, म्हणजे इथल्या माहिती अधिकाराखाली, सिटीला दहा दिवसांत काय देणार हे कळवावं लागतं. अहवाल न वाचता सुनावणीला बसू नका. पुष्कळदा पत्रात "नियमांचं उल्लंघन" एवढंच असतं आणि नेमकं काय दिसलं ते अहवालातूनच कळतं.

सहावी पायरी: सुनावणी

सुनावणीत मंडळाच्या वतीने पदाधिकारी बोलू शकतात. एकाने बोलावं, एकाने कागद द्यावेत, बाकीच्यांनी शांत बसावं. तीस सभासद घेऊन गेल्याने अधिकाऱ्यावर दबाव येत नाही.

आरोप एकेक घ्या. खरा असेल तर मान्य करा आणि दुरुस्ती दाखवा: बिंगोचं नवीन खातं उघडल्याचं बँकेचं पत्र, दारावरच्या वयाच्या पाटीचा फोटो, स्वयंसेवकांसाठी केलेली सूचनावली. खोटा असेल तर पुरावा ठेवा. "आम्ही चांगलं काम करतो" हे उत्तर कुठल्याच आरोपाला लागू पडत नाही, आणि आपल्या लोकांना ते सारखं सांगावंसं वाटतं. दुष्काळी गावाला पाठवलेल्या पाण्याच्या टँकरचे फोटो मुलांनी बिंगो खेळला की नाही याचं उत्तर देत नाहीत. पूर्ण रद्द करण्याऐवजी अटी घालून परमिट चालू ठेवा किंवा ठराविक काळापुरतं निलंबित करा, अशी पर्यायी विनंती मात्र जरूर करा. शिक्षा चुकीएवढीच असावी हे अधिकाऱ्यालाही पटवता येतं, आणि माझ्या मते लहान संस्थांनी सगळा जोर इथेच लावावा.

निर्णय देणारा कोण आहे ते विचारा. तपासणी करणाऱ्यानेच न्यायही करू नये ही अपेक्षा रास्त आहे. सॅन बर्नार्डिनो काउंटीतल्या एका मसाज परवान्याच्या प्रकरणात कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये सांगितलं की काउंटीने त्या-त्या वेळी निवडलेला आणि पुढच्या कामासाठी काउंटीवरच अवलंबून असलेला सुनावणी अधिकारी चालणार नाही. असा आक्षेप असेल तर तो सुनावणीच्या सुरुवातीलाच नोंदवा, निकाल विरुद्ध गेल्यावर नाही.

सुनावणी ध्वनिमुद्रित होते का ते विचारा, होत नसेल तर तुम्ही करण्याची परवानगी मागा. निकाल लेखी आणि कारणांसह मागा. पुराव्यापासून निष्कर्षापर्यंत कसं पोचलो हे निर्णय देणाऱ्याने दाखवलं पाहिजे, हा दंडक इथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९७४ मध्ये टोपांगा प्रकरणात घालून दिला आहे. नुसतं "परमिट रद्द" हे वाक्य पुरेसं नाही.

सातवी पायरी: सिटी कौन्सिल आणि कोर्ट

बऱ्याच शहरांत पुढचं अपील सिटी कौन्सिलकडे जातं. ती बैठक खुली असते आणि नेहमीच्या बैठकीचा अजेंडा ७२ तास आधी लावावा लागतो. तुमचा विषय कितव्या क्रमांकावर आहे ते बघा, कागद क्लार्ककडे आधी पोचवा. कौन्सिलसमोर नवी गोष्ट उपस्थित करता येईल की फक्त आधीच्या सुनावणीतलीच, हे अध्यादेशात तपासा. म्हणूनच पहिल्या सुनावणीत सगळे कागद ठेवणं महत्त्वाचं.

सिटीतले सगळे टप्पे पुरे केल्याशिवाय कोर्ट सहसा दाद देत नाही. ते संपल्यावर सुपीरियर कोर्टात आदेशासाठी अर्ज करता येतो, आणि सिव्हिल प्रोसिजर कोडच्या कलम १०९४.६ प्रमाणे मुदत ९० दिवसांची आहे, निर्णय अंतिम झाल्यापासून. तिथे वकील लागतोच, कारण नोंदणीकृत संस्थेला स्वतः उभं राहता येत नाही. खरं सांगायचं तर वर्षातून दोनदा होणाऱ्या तंबोल्यासाठी कोर्टाचा खर्च बहुतेक मंडळांना परवडणारा नाही. पण निर्णयात मंडळावर पैशांच्या अपहाराचा ठपका असेल आणि तो चुकीचा असेल, तर वकिलाचा एक सल्ला तरी ९० दिवसांच्या आत घ्या. तो ठपका पुढच्या प्रत्येक अर्जात, देणगीदाराच्या प्रत्येक चौकशीत समोर येतो.

सभासदांना काय सांगायचं हेही याच टप्प्यावर ठरवा. परमिट निलंबित झालं, कारण काय दिलं गेलं, आम्ही काय करतोय, एवढं पहिल्या आठवड्यातच ईमेलने कळवा. कार्यकारिणी गप्प राहिली की अफवा पसरतात, आणि त्यात एखाद्या खजिनदाराचं नाव विनाकारण खराब होतं. तसं होऊ देणं अन्यायाचं आहे.

आठवी पायरी: पुन्हा अर्ज

परमिट रद्द झालं तर पुष्कळ शहरांत एक वर्ष नवा अर्ज करता येत नाही. करमुक्ती गेली म्हणून रद्द झालं असेल, तर ती परत मिळाल्याचा पुरावा दिल्यावर वर्ष संपण्याआधीही अर्ज घेतात. शेजारच्या शहरात जाऊन लगेच अर्ज करण्याचा मोह होईल. तिथेही आधीच्या कारवाईबद्दल विचारतात.

त्या मधल्या वर्षात फुकट तंबोला खेळता येतो आणि देणग्या नेहमीच्या मार्गाने घेता येतात, फक्त दोन्ही एकमेकांना बांधू नका. "दहा डॉलर देणगी दिली की तंबोल्याचं तिकीट" ही देणगी राहत नाही. रॅफल करायची असेल तर साठ दिवसांचा हिशोब आधी मांडा.

नव्या अर्जासोबत एक पानाचं पत्र जोडा: मागचा निर्णय कुठल्या तारखेचा, कारणं कोणती, प्रत्येक कारणावर केलेली दुरुस्ती कोणती, आणि तिचा कागद परिशिष्टात कुठे आहे. सोबत फ्रँचाइझ टॅक्स बोर्डाचं पत्र, ॲटर्नी जनरलच्या नोंदणीतला सध्याचा दर्जा, जागेचा करार, बिंगोच्या खात्याचं बँकेचं पत्र आणि कोऱ्या हिशोब-कागदाचा नमुना. अर्ज काउंटरवर द्या, शिक्का घ्या आणि पोचपावतीची प्रत मंडळाच्या सामाईक ड्राइव्हवर त्याच दिवशी टाका.